अर्धा किलोमीटर

मंडळी, आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे उगाच उत्सुकता ताणल्याचा आरोप नको. २७ ऑक्टोबर २०२४ ला गोव्यात मिरामारला आयर्नमॅन ७०.३ झाली. त्यात मी होतो. निकालाच्या यादीत माझ्या नावापुढे वेळ नाही, तीन अक्षरं आहेत. डीएनएफ. डिड नॉट फिनिश. साडेआठ तासांची मुदत संपली तेव्हा अंतिम रेषा माझ्यापासून साधारण अर्धा किलोमीटर लांब होती. माइकवरून नावं पुकारणाऱ्याचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

आणि मी चालत होतो. मुद्दाम.

हे "मुद्दाम" ऑफिसात कुणाला पटलेलं नाही. कॅन्टीनमधे एका मित्राने तर चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "पाच-साडेपाच मिनिटांसाठी? अरे पळायचं ना च्यायला!" मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. नंतर मात्र तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. आज शनिवार आहे, घरी नाशिकरोडला आहे, बाहेर जायचा मूड नाही, तेव्हा सविस्तर उत्तर देतो.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ७०.३ म्हणजे मैल. १.९ किलोमीटर पोहणे, मग ९० किलोमीटर सायकल, मग २१.१ किलोमीटर पळणे, सगळं सलग. पूर्ण आयर्नमॅन याच्या दुप्पट. ती १९७८ साली हवाईत सुरू झाली, तेव्हा १५ जण उतरले आणि १२ जणांनी पूर्ण केली. गोव्यात अर्धी आवृत्ती २०१९ पासून होते. सुटल्यापासून साडेआठ तासांत संपवायची. तुम्ही पळा, चाला, नाहीतर रांगा, नियमाला त्याचं काही नाही. घड्याळाला मात्र आहे.

आता माझी कथा. आठवड्यातले चार दिवस पुण्यात, बाकी दिवस घरी. पोहणं जमलं ते इथेच, महापालिकेच्या राजमाता जिजाऊ तलावावर. सायकल म्हणजे सिन्नर फाट्यावरून निघायचं, शिंदे, मग मोहदरी घाट, सिन्नरला एक चहा आणि परत. पळायचं मुक्तिधामपासून देवळाली कॅम्पच्या दिशेने, कारण तिकडे अजून झाडं आहेत आणि पहाटे हॉर्न कमी. नाशिकमधे असला छंद असला की वेडे दोस्त आपोआप सापडतात. हे सायकलवर पंढरपूरची वारी करणाऱ्यांचं गाव आहे.

जुलैमधे एक रिलीज गळ्याशी आलं आणि दोन आठवडे सराव पूर्ण बुडाला. मग मी तेच केलं जे प्रत्येक आयटीवाला करतो. बॅकलॉग भरून काढायचं ठरवलं. आठवड्याला २५ किलोमीटर पळणारा माणूस तीन आठवड्यांत ४५ वर गेला. दम लागत नव्हता, पाय हलके वाटत होते, वाटलं जमतंय. ऑगस्टच्या मध्यात उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला एका ठिकाणी दुखायला लागलं. एका बोटाने दाखवता येईल इतकं एकाच ठिकाणी. मी चार दिवस बर्फ लावला, पाचव्या दिवशी पळालो, सहाव्या दिवशी जिना उतरताना कठडा धरला.

एक्स-रे कोरा आला. हे ऐकून मला आनंद झाला, ऑर्थोपेडिक डॉक्टरांना झाला नाही. ते म्हणाले, सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रेमधे बऱ्याचदा दिसतच नाही. एमआरआय केला तेव्हा दिसलं. स्ट्रेस फ्रॅक्चर. शिवाय ड जीवनसत्त्व तळाला गेलेलं (दिवसभर एसीत बसायचं आणि सूर्य उगवायच्या आत पळून यायचं, तर अजून काय होणार).

ही गोष्ट मला त्या आधी कुणी नीट सांगितली नव्हती म्हणून इथे सांगतो. हाड म्हणजे दगड नव्हे, त्याची सतत डागडुजी चालू असते. भार वाढला की शरीर आधी जुना भाग पोखरून काढतं आणि मग तिथे नवीन भरतं. पोखरायचं काम काही आठवड्यांत उरकतं, भरून पक्कं व्हायला काही महिने लागतात. म्हणजे मधे एक काळ असा येतो की हाड आधीपेक्षा कच्चं असतं. नेमकं त्याच काळात हृदय आणि फुप्फुसं सुधारलेली असतात, कारण ती लवकर सुधारतात. त्यामुळे माणसाला वाटतं की आपण कधी नव्हे इतके तंदुरुस्त आहोत, आणि तेव्हाच तडा जातो. इंजिन नवीन, चॅसी उघडलेली.

शर्यतीला दहा आठवडे होते. फी भरलेली, हॉटेल ठरलेलं, नाशिकरोड ते मडगाव मंगला एक्सप्रेसचं तिकीट काढायचं तेवढं बाकी.

इथून पुढे दोन प्रकारचे सल्ले सुरू झाले. पहिला आईचा, की आता तो सगळा प्रकार बंद, सायकल विकून टाक. दुसरा व्हॉट्सअ‍ॅपचा. दुखापतीची बातमी ग्रुपवर टाकल्यावर अर्ध्या तासात अकरा प्रेरणादायी संदेश आले. त्यात टिम डॉनची गोष्ट दोनदा.

टिम डॉनची गोष्ट खरी आहे आणि जबरदस्त आहे. हा ब्रिटिश ट्रायथलीट ऑक्टोबर २०१७ मधे हवाईतल्या जागतिक स्पर्धेच्या अगदी तोंडावर सायकलवर असताना एका गाडीने उडवला. मानेचा मणका मोडला. तीन महिने डोक्याभोवती धातूचं कडं, ते कवटीत स्क्रूने बसवलेलं. एप्रिल २०१८ मधे तो बोस्टन मॅरेथॉन २ तास ५० मिनिटांच्या आत पळाला आणि ऑक्टोबरमधे हवाईला परत जाऊन पूर्ण आयर्नमॅन संपवली. दुसरी गोष्ट क्रिसी वेलिंग्टनची. २०११ च्या जागतिक स्पर्धेआधी दोन आठवडे ती सायकलवरून पडली, अंग सोललं, पायाला संसर्ग झाला, आणि तरी ती जिंकली.

या गोष्टी फॉरवर्ड करताना आपण एक बारीकशी चलाखी करतो. टिम डॉन कडं डोक्यावर असताना पळाला नव्हता. तीन महिने त्याने हाडाला जेवढा वेळ हवा तेवढा दिला, आणि जी शर्यत पळाला ती हाड जुळल्यावर. वेलिंग्टनच्या जखमा वेदनेच्या होत्या, भाराने मोडणाऱ्या हाडाच्या नव्हत्या. दुखणं सहन करणं आणि मोडत असलेल्या गोष्टीवर उभं राहणं ही दोन वेगवेगळी कामं आहेत, पण "जिद्द" हा एकच शब्द आपण दोन्हीला वापरतो. आपल्या वर्तमानपत्रांचा मथळा तर ठरलेला आहे, "दुखापतीवर मात करून...". मात कोण करतं? हाड आपल्या गतीने जुळतं. तुम्ही फार तर त्याच्या मधे न येण्याचं काम करू शकता.

या खेळाचाही यात दोष आहेच म्हणा. आयर्नमॅन जगभर माहीत झाली ती १९८२ च्या फेब्रुवारीत, ज्युली मॉस नावाच्या कॉलेजच्या मुलीमुळे. ती पहिली येत होती, शेवटच्या टप्प्यात पाय गेले, कोसळली आणि रांगत रेषेपर्यंत आली. तेवढ्यात कॅथलीन मॅककार्टनी तिच्या पुढे निघून गेली आणि जिंकली. लोकांच्या लक्षात रांगणारी राहिली. ते दृश्य मी स्वतः वीसेक वेळा पाहिलं असेल, आणि दरवेळी घशात काहीतरी अडकतं. त्यामुळे मला त्या लोकांची थट्टा करायची नाहीये. मी त्यांच्यातलाच आहे.

असो. तर मी एका फिजिओ मॅडमकडे गेलो आणि विचारलं, गोव्याला जाऊ का? त्यांनी उलटा प्रश्न केला, "जाऊन काय करणार?" मी म्हटलं, म्हणजे? तर म्हणाल्या, "पोहणं दोन आठवड्यांत सुरू कर, भिंतीला पायाने जोरात ढकलायचं नाही. सायकल चौथ्या आठवड्यापासून, दुखलं नाही तर. चालणं त्यानंतर वाढवू. पळणं दहा आठवड्यांत मी देणार नाही. आता सांग, जाऊन काय करणार?"

मी एक्सेल उघडलं. पोहणं आणि सायकल धरून, कपडे बदलण्याच्या वेळेसकट, पाच तास. उरले साडेतीन तास, म्हणजे २१० मिनिटं. २१.१ किलोमीटरला भागलं तर किलोमीटरला जेमतेम दहा मिनिटं. ताशी सहा किलोमीटर. झपाझप चालणाऱ्याला जमेल असा वेग, फक्त तो साडेतीन तास टिकवायचा. पळताना पायावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो, चालताना साधारण एक पट किंवा थोडा जास्त. थोडक्यात, पळणे हे फीचर बंद ठेवून रिलीज करायचं. :)

मॅडमनी डॉक्टरांशी बोलून हो म्हटलं, तीन अटींवर. एक, एक पाऊलही पळायचं नाही. दोन, दुखणं दहापैकी तीनच्या वर गेलं की थांबायचं. तीन, लंगडायला लागलो की किती दुखतंय हे न बघता थांबायचं. मी मान डोलावली. त्यांनी ते एमआरआयच्या पाकिटावर लिहायला लावलं. म्हणाल्या, "तू आत्ता हो म्हणतोयस तो माणूस वेगळा आणि तिथे अठराव्या किलोमीटरला असणारा माणूस वेगळा. हे त्याच्यासाठी आहे."

(इथे एक महत्त्वाची सूचना. माझा तडा आतल्या बाजूचा, तुलनेने कमी धोक्याचा होता. नडगीच्या पुढच्या बाजूला किंवा मांडीच्या खुब्यापाशी असता तर डॉक्टरांनी मला चालतही सोडलं नसतं. तेव्हा हे वाचून कुणी आपापलं एक्सेल उघडू नये. आधी डॉक्टर.)

बाबांना हे पाकीट दाखवलं. बाबा करन्सी नोट प्रेसमधून निवृत्त झाले, घरात अजूनही दिवस शिफ्टमधे मोजतात. त्यांनी चष्मा लावून तिन्ही अटी वाचल्या आणि म्हणाले, "आमच्याकडे शीटवर डाग दिसला की शीट बाजूला. मशीन किती छान चाललंय हे कुणी विचारत नाही." मग जरा थांबून, "पण मग जायचंच कशाला?"

हा प्रश्न बरोबर आहे आणि माझ्याकडे त्याचं उत्तर आहे. दुखापतीतून बरं होणं हे भयंकर कंटाळवाणं काम असतं. रोज तीन वेळा टाचा उचला, रबराचा पट्टा बांधून आडवं चाला, कॅल्शियम घ्या, झोपा. यात कुणी टाळ्या वाजवत नाही. समोर तारीख होती म्हणून मी ते दहा आठवडे एकही दिवस न चुकवता केलं. तारीख नसती तर मी तिसऱ्या आठवड्यात व्यायाम सोडला असता आणि सहाव्या आठवड्यात चोरून पळालो असतो, ही माझी मला खात्री आहे. म्हणजे तारीख कामाची आहे, फक्त तिला बॉस करायचं नाही. आपल्या धंद्यात हे कुणाला शिकवायला नको, पण आपल्याच धंद्यात ते कुणी पाळत नाही.

गोव्याचं वर्णन फार करत नाही. गोदाकाठच्या माणसाला समुद्र खारट आणि उद्धट वाटतो एवढंच सांगतो. पोहणं ५२ मिनिटं. सायकल ३ तास ५४ मिनिटं. बदलाबदलीत १६ मिनिटं गेली. म्हणजे ५ तास २ मिनिटांनी मी चालायला लागलो, हिशोबापेक्षा दोन मिनिटं उशिरा.

आजूबाजूने सगळे पळतायत आणि आपण चालतोय, अंगात दम आहे, पाय दुखत नाहीये, हा अनुभव विचित्र असतो. रस्त्याच्या कडेचे लोक मनापासून ओरडतात, "कम ऑन, यू कॅन रन!" त्यांना काय सांगणार. पहिले दहा किलोमीटर मी पावणेदहा मिनिटांच्या वेगाने काढले. हिशोब बरोबर चालला होता. मग ऊन आणि दमट हवा यांनी आपलं काम केलं आणि वेग दहा मिनिटं वीस सेकंदांच्या आसपास घसरला. काही सेकंदच. पण आठ किलोमीटर तसे गेले की काय होतं ते तुम्ही करून बघा.

अठराव्या किलोमीटरला घड्याळ पाहिलं. उरलेलं अंतर ३.१ किलोमीटर, उरलेली वेळ २७ मिनिटं. चालून शक्य नाही. हळूहळू, अगदी रमतगमत जॉगिंग केलं असतं तर दोन मिनिटं राखून पोचलो असतो. दुखणं शून्य होतं. शून्य! हे फार महत्त्वाचं आहे. दुखत असतं तर निर्णय सोपा होता.

फिजिओ मॅडम म्हणाल्या होत्या तो दुसरा माणूस तेव्हा खरंच हजर झाला. तो फार हुशार होता. म्हणाला, दहा आठवडे झालेत, हाड जुळलं असणार. म्हणाला, तीनच किलोमीटर आहेत, तीनने काय होतंय. म्हणाला, पैसे, रजा, आईची बोलणी, सगळं वाया घालवणार? म्हणाला, पाकीट तर घरी आहे. प्रत्येक मुद्दा ठीक होता. संशय मला एकाच गोष्टीचा आला, की त्याचे सगळे मुद्दे एकाच दिशेला जात होते. घरी, टेबलावर, पोटभर जेवून, तिघांनी मिळून घेतलेला निर्णय पाच तास नुसत्या जेलवर जगलेला आणि सहा तासांहून जास्त उन्हात तापलेला एक माणूस एकट्याने बदलू बघत होता. ऑफिसात कुणी रात्री तीन वाजता एकट्याने प्रॉडक्शनवर असं काही केलं तर आपण त्याला काय म्हणतो?

मी चालत राहिलो. साडेआठ तास झाले तेव्हा रेषा अर्धा किलोमीटरवर होती.

मला तिथे काहीही उदात्त वाटलं नाही. रडू आलं. परतीच्या गाडीत वरच्या बर्थवर झोपून मी चिपळूणपर्यंत मनात ते तीन किलोमीटर पळत होतो.

आता मित्राच्या प्रश्नाचं उत्तर. पळालो असतो तर काय झालं असतं? कदाचित काहीच नाही. कदाचित मेडल घेऊन आलो असतो आणि हाडाला पत्ताही लागला नसता. हे मला कधीच कळणार नाही, आणि माझी बाजू मांडताना ही गोष्ट लपवणं बरोबर नाही. टाळलेल्या नुकसानाचा पुरावा कधीच मिळत नाही, मेडल मात्र भिंतीवर दिसतं. म्हणूनच सगळ्या गोष्टी मेडलवाल्यांच्या असतात. ज्याने त्या तीन किलोमीटरमधे हाड मोडून घेतलं आणि वर्षभर घरी बसला, तो ग्रुपवर काही लिहीत नाही, हळूच ग्रुप सोडतो. माझ्या ओळखीत असे दोघे आहेत.

आणि डीएनएफची एवढी लाज का? आपल्याच नाशिकचं उदाहरण घ्या. अमेरिका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सायकलने ओलांडायची रेस अ‍क्रॉस अमेरिका, सुमारे ४,८०० किलोमीटर. २०१५ मधे आपले डॉक्टर हितेंद्र आणि डॉक्टर महेंद्र महाजन या भावांनी ती दोघांच्या टीममधे पूर्ण केली, तेव्हा गावभर फलक लागले होते. लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ, तेही नाशिकचे सायकलपटू, २०१६ मधे एकट्याने उतरले आणि त्यांना शर्यत अर्धवट सोडावी लागली. २०१७ मधे ते परत गेले, बारा दिवसांच्या मुदतीत ११ दिवस १८ तासांत पोचले आणि एकट्याने ती पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. आपण २०१७ बद्दल बोलतो. पण २०१६ ला ते वेळेत थांबले नसते तर २०१७ आलं असतं का, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. दुखापतीतून उठताना शर्यतीला जाऊ नका असं मी म्हणत नाही. जरूर जा, मी गेलो, आणि ते पोहणं, तो सायकलचा रस्ता मला आयुष्यभर पुरेल. फक्त थांबायचं कुठे हे घरून ठरवून जा, कुणाच्या तरी समोर लिहून जा, आणि तिथे गेल्यावर त्या निर्णयाला हात लावू नका, अर्धा किलोमीटर राहिला असला तरी. ज्याला ते जमणार नाही असं वाटतं त्याने खरंच घरी बसावं. त्यातही काही कमीपणा नाही.

नोव्हेंबरमधे मॅडमनी पळायला परवानगी दिली, एक मिनिट पळा, चार मिनिटं चाला. फेब्रुवारी २०२५ मधे देवळाली कॅम्पच्या रस्त्यावर पहिल्यांदा सलग पाच किलोमीटर पळालो. घरी आलो तेव्हा बाबा पेपर वाचत होते. मी म्हटलं, बाबा, पाच झाले. त्यांनी वर न बघता विचारलं, "शीटवर डाग?"

"नाही."

"मग चालू दे," म्हणाले आणि पान उलटलं.

एमआरआयचं ते पाकीट अजून फ्रिजवर चिकटवलेलं आहे. आई म्हणते काढ आता ते. मी काढत नाही, कारण पुढच्या शर्यतीची नोंदणी करावी का नाही, याचा विचार चालू आहे.